जावयाची रबरी शेवंड

जर्मनीहून परत आल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, बर्लिनची ती भिंत पाहिलीत का. पाहिली. उरलेला तुकडा रंगवून ठेवलाय, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला, पाच मिनिटांत काम झालं. मला सांगायचंय ते भिंतीचं नाही, एका तळ्याचं आहे, आणि त्या तळ्यावर माझ्या जावयाने काय केलं त्याचं आहे. शेजारच्या कुंदाताई ही हकीकत दोनदा ऐकून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आता लिहूनच काढा बाई, म्हणजे आम्ही सुटू." तेव्हा ही जबाबदारी त्यांची.

मी मालवणची. हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि साठ वर्षं मासे खाल्ले, त्यामुळे दोन्ही विषयांत मला कोणी शिकवायला आलेलं खपत नाही. माझी मुलगी मुग्धा कॉम्प्युटरच्या नोकरीत बर्लिनला असते. तिथेच तिने पुण्याचा मंदार गाठला. मुलगा हुशार, मनाने निर्मळ, घरची माणसं देवमाणसं. खोट एकच, त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी हातात धरून मी माझ्या बहिणीला म्हणाले होते, "सगळा खरा गो, पण आमच्या चेडवाक मासो कोण खावक घालतलो?" म्हणजे, सगळं खरं, पण आमच्या लेकीला मासे कोण खाऊ घालणार? बहीण हसली, मी हसले, मठ्ठा पिऊन टाकला.

त्याला तीन वर्षं झाली. २००७च्या जुलैत मी मुग्धाच्या बाळंतपणासाठी बर्लिनला पोचले, तेव्हा तिला सातवा संपत आला होता आणि डोहाळा एकच लागला होता: ताज्या माशाचं कालवण, तिरफळं घातलेलं, डोक्यासकट. बर्लिनच्या दुकानात मासा मिळतो तो साबणाच्या वड्यांसारखा, ना काटा ना डोकं. तुर्की बाजारातून आख्खा आणून पाहिला. तो बर्फात किती दिवस झोपला होता देव जाणे, पिशवी उघडली आणि मुग्धा घरभर खिडक्या उघडत फिरली. कालवण मी एकटीने संपवलं आणि ते संपवावं लागलं याचंच मला वाईट वाटलं.

यावर मंदाररावांनी वसंतातच तोडगा काढला होता. म्हणाले, मी पकडून आणतो. आता जर्मनीत तळ्यात गळ टाकायचा तर त्याचीही परीक्षा असते. माशाचे अवयव, पाण्याचे कायदे, कोणता मासा किती लांबीचा झाल्यावर घ्यायचा, सगळं. मंदाररावांनी क्लास लावला, रात्रंदिवस पाठांतर केलं आणि साठपैकी साठ प्रश्न बरोबर सोडवून परवाना मिळवला. आमचे जावई परीक्षेला पहिले आणि पाण्यात नापास. मी पोचेपर्यंत तीन महिन्यांचे सगळे शनिवार त्यांनी बर्लिनच्या तळ्यांवर काढले होते आणि घरी आणलं होतं ते फक्त उन्हाने सोललेलं नाक.

अडचण अशी की त्यांना गांडूळ टोचवत नाही. डबी उघडतात, गांडुळाकडे बघतात, सॉरी म्हणतात आणि डबी बंद करतात. म्हणून त्यांनी रबराची आमिषं घेतली. त्यातलं त्यांचं लाडकं म्हणजे बोटाएवढी रबरी शेवंड, लॉब्स्टरच म्हणा ना, तिकडच्या गोड्या पाण्यात असते तशी. तपकिरी अंग, केशरी चिमटे, दोरीसारख्या मिशा आणि वास चक्क बडीशेपेचा. पहिल्या आठवड्यात मी ते पाकीट मुखवास समजून उघडलं होतं. ही शेवंड खायला बार्श नावाचा मासा जीव टाकतो, असं मंदारराव म्हणत.

ऑगस्ट उजाडला, वेळ थोडा उरला होता. रविवारी आषाढातली अमावास्या, सोमवारी श्रावण. श्रावणात आमच्याकडे मासळी घरात येत नाही, मुग्धा बर्लिनमध्येही पाळते. श्रावण सरला की गणपती, मग बाळंतपण, मग बाळंतिणीचं पथ्य. म्हणजे तो रविवार गेला की डोहाळा राहिलाच. म्हणून बाळ येण्याआधीची शेवटची सहल तळ्यांच्या मुलखात काढायची ठरली, शुक्रवार ते रविवार. मी बर्लिनहूनच खोबऱ्याचं वाटण डब्यात भरून घेतलं. तिरफळं तर मालवणहून माझ्याबरोबरच आली होती.

शुक्रवार, वारेन

बर्लिनपासून दोन तासांत रस्ता बदलतो. दोन्ही बाजूंनी झाडं एकमेकांना टेकलेली, त्यापलीकडे कापणी झालेली गव्हाची शेतं आणि मधेच काहीही न सांगता एखादं तळं. आमच्याकडे समुद्र आधी आवाजाने कळतो. इथली तळी तोंडातून ब्र काढत नाहीत.

वारेन गावाबाहेर एका तळ्याकाठी आम्ही दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. मालक हेर ल्यूडके, सत्तरीचे, लाल गालांचे. भेटल्यावर म्हणाले, "मॉइन." मला वाटलं सकाळचा नमस्कार असेल. दुपारी म्हणाले, "मॉइन." संध्याकाळीही मॉइनच. तिकडची माणसं शब्द जपून वापरतात. आमच्या मालवणात एवढ्या शब्दांत माणूस दाराची कडीसुद्धा काढणार नाही.

सामान लावताना मी विषय काढला. "मंदारराव, मासा तुम्ही पकडा. पण मारायचा नाही. बायको पोटुशी असताना नवऱ्याने जीव घेऊ नये."

"आई, तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका ना?"

"शाळेत. घरी मी तिची आई आहे."

मंदारराव डोकं खाजवायला लागले. कारण कायदा असा की मापाचा मासा लागला तर हौस म्हणून तो परत सोडून द्यायचा नाही. खायला घ्यायचा आणि तिथल्या तिथे, डोक्यात दांडका घालून आधी बेशुद्ध करून मग सुरीने, नीट मारायचा. तडफडत ठेवणं हा गुन्हा. हे मात्र मला फार पटलं. आमच्याकडे टोपलीत तडफडणारा मासा बघून आपण ताजा आहे म्हणून खूश होतो, त्या जिवाचं काय होतं ते मनात येत नाही.

"मग मारते मी," मी म्हटलं.

"त्यासाठी तुमच्याकडेही परवाना असलेला बरा, आई."

"मग काढू या."

आणि इथे माझ्या परवान्याची गंमत. त्या राज्यात पाहुण्यांना थोड्या दिवसांचा परवाना बिनपरीक्षेचा मिळतो. कचेरीतल्या बाईने माझा पासपोर्ट पाहिला, हातात नियमांची पुस्तिका दिली, शिक्का मारला. दहा मिनिटं. मंदारराव शेजारी उभे होते, साठपैकी साठ मार्क घेऊन. त्यांचा चेहरा बघून मुग्धाला एवढं हसू आलं की तिला खुर्ची द्यावी लागली.

शनिवार

शनिवारचं फार सांगण्यासारखं नाही, पण सांगायलाच हवं, नाहीतर रविवारची किंमत कळणार नाही.

ल्यूडकेंच्या लाकडी धक्क्यावर सकाळी सहाला आम्ही हजर. मी बाकावर शाल घेऊन, हातात ल्यूडकेंनी दिलेला दांडका. मंदारराव टोकाला. गळ टाकायचे, चक्री फिरवायचे, रिकामा काढायचे, पुन्हा टाकायचे. मला बोलायची बंदी होती, मासे बिथरतात म्हणे. तीस वर्षं वर्गात बोललेल्या बाईला चार तास गप्प बसवणं हा काय साधा पराक्रम आहे, पण त्याचं कोणाला कौतुक नाही.

आठ वाजता गळ लव्हाळ्यात अडकला. नऊ वाजता माझ्या शालीत. दहा वाजता न्याहारीचा डबा उघडला, तर झाकणाचा एक कोपरा वितळून चिकट झालेला. मंदाररावांनी जास्तीच्या शेवंडी झाकणावर ठेवल्या होत्या आणि ते मऊ रबर प्लॅस्टिकला लागलं की प्लॅस्टिक विरघळतं. थालीपीठ वाचलं, पण त्याला बडीशेपेचा वास लागला होता.

ल्यूडके येऊन बघून गेले. गळाला लटकलेल्या शेवंडीकडे बोट करून म्हणाले, "गुम्मी?" रबर? मंदारराव म्हणाले, "गेनाऊ." अगदी बरोबर. ल्यूडके बराच वेळ विचार करून म्हणाले, "वुर्म." गांडूळ. आणि निघून गेले. त्यांच्या मानाने ते भाषणच होतं.

दुपारी मी आणि मुग्धा कोळ्याच्या टपरीकडे चालत गेलो. धुरी दिलेले मासे दोरीवर सोनेरी होऊन लटकत होते, बाकीचे सोलून कापून बर्फावर. मी मुग्धाला म्हटलं, "विचार त्याला, संध्याकाळी आख्खा, डोक्यासकट ठेवशील का म्हणून. उद्या रविवार, सगळं बंद. मला काही धोका पत्करायचा नाही."

मुग्धाने विचारलं नाही. माझा हात धरून मला टपरीपासून लांब घेऊन गेली.

"आई, विकतचा घेऊ नकोस."

"अगं, उद्या अवस आहे. त्यांना नाही मिळाला तर?"

"नाही मिळाला तर नाही खाणार. तो माणूस तीन महिने कोणासाठी उभा राहतोय तिथे? त्याला वासही सहन होत नाही. आपण विकतचा आणला तर तो हसेल, छान म्हणेल, आणि परत कधी गळ हातात धरणार नाही. मला मासा नकोय नुसता. मला त्याने आणलेला हवाय."

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. आठव्या महिन्यातल्या बाईशी वाद घालू नये, आणि ती खरं बोलत असेल तर मुळीच घालू नये. आम्ही चेरीचा केक घेऊन परत आलो. मंदारराव अजून धक्क्यावरच होते, पाठमोरे. संध्याकाळपर्यंत त्यांना काही लागलं नाही. रात्री जेवताना वरणभाताकडे बघत म्हणाले, "आई, उद्याचा एक दिवस आहे अजून." मला त्यांची एवढी दया आली की मी तूप दुप्पट वाढलं.

रविवार, अमावास्या

सकाळी लांब कुठेतरी चर्चची घंटा वाजली. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानं बंद, टपरी बंद. मुग्धाही आज धक्क्यावर आली, बाकावर दोन उश्या घेऊन. दहापर्यंत कालचीच कथा. मग मंदाररावांच्या दोरीचा गुंता झाला. ते गुंता सोडवायला बसले आणि शेवंड माझ्या हातात दिली. "जरा धरता का, आई? काट्याला जपून."

मी चष्मा लावला. आणि प्रथमच ते प्रकरण नीट पाहिलं.

काटा शेवंडीच्या तोंडातून घातला होता. दोरी तोंडाला बांधलेली. म्हणजे मंदारराव चक्री फिरवत, तेव्हा ती शेवंड तोंड पुढे करून, चिमटे गोळा करून, सरळ रेषेत धावत होती. शाळेला उशीर झालेल्या पोरासारखी.

"मंदारराव," मी म्हटलं, "शेवंड अशी पळते कुठे?"

"म्हणजे?"

"अहो, शेवंड भ्याली की मागे जाते. शेपटीचा फटका मारते आणि उलटी उडते. आमच्याकडे खडकात पोरंटोरंही तिला मागून धरतात. तुम्ही हिला तोंडाने ओढताय. तळ्यातल्या माशांनी जन्मात असली शेवंड पाहिली नसेल. ते भिऊन पळत असतील."

मंदाररावांनी गुंता खाली ठेवला आणि शेवंड माझ्या हातातून घेतली.

"पाकिटावर चित्र नव्हतं?" मी विचारलं.

"होतं," ते हळूच म्हणाले. "त्यात काटा शेपटीतच होता. मला वाटलं, छापताना चित्र उलटं लागलंय."

मुग्धा बाकावरून म्हणाली, "साठपैकी साठ." मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. पण गाल माझेही दुखत होते.

मग मी वर्ग घेतला. बोलायची बंदी उठलीच होती. काटा शेपटीतून घाला, चिमटे मोकळे मागे राहू देत. दुसरं, ही राहते कुठे? दगडात. आणि तुम्ही दोन दिवस चिखलात टाकताय. धक्क्याच्या डाव्या अंगाला जुन्या बांधाचे दगड पाण्याखाली काळे दिसत होते. तिथे टाका. तळाला टेकू द्या. मग एक झटका, की घाबरून मागे उडाली. मग थांबा. शेवंड सारखी पळत नाही, थांबून चिमटे उगारते. तुम्हीही थांबा. मनात दहा म्हणा.

काठालगतच्या उथळ पाण्यात त्यांनी करून पाहिलं. शेवंड तळाला टेकली आणि तिचे केशरी चिमटे हळूहळू वर आले. लढायला उभी राहिली ती. मंदारराव स्वतःशीच म्हणाले, "आल्झो, असं आहे होय."

काठी मला देऊ लागले. "तुम्हीच टाका, आई. तुमच्याकडे परवाना आहे."

"मुळीच नाही. मी पकडला तर तो माझा मासा होईल. माझ्या हातचे तिने पुष्कळ खाल्लेत."

पहिल्या फेकीला काही नाही. दुसऱ्या फेकीला वीतभरसुद्धा नसलेला एक लागला. मंदाररावांनी हात ओले केले, काटा हळुवार काढला आणि तो पाण्यात सोडला, कारण मापात नसलेला मात्र सोडायचाच असतो. कसा सोडायचा ते त्यांना बरोबर माहीत होतं. पाठांतर वाया गेलं नव्हतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा मासा त्यांच्या हाताला लागला होता.

मग पाऊण तास शांतता. ऊन डोक्यावर आलं. मुग्धा झोपली. मी मनात रवळनाथाला सांगितलं, देवा म्हाराजा, माशासाठी देवाला सांगू नये हे मला कळतं, पण हा मासा नाही, हा माझ्या पोरीचा संसार आहे.

झटका. थांबणं. झटका. थांबणं. आणि थांबलेल्या दोरीचा एक बारीकसा टक. मंदाररावांनी काठी उचलली आणि ती कमरेतून वाकली. चक्रीचा आवाज ऐकून मुग्धा जागी झाली. मासा खाली दगडांकडे घुसत होता, मंदारराव त्याला बाहेर काढत होते, पुण्यातल्या सगळ्या पूर्वजांची शाकाहारी पुण्याई पणाला लावून. "ओढू नका, दमू दे त्याला," मी म्हणत होते. "जा, जा," ते म्हणत होते, आणि ते मला जा म्हणत नव्हते, जर्मनीत हो म्हणायचं तर जा म्हणतात. ल्यूडके कधी आले कळलं नाही. गुडघ्यांवर बसून त्यांनी जाळं पाण्यात धरलं.

वर आला तो. अंगावर काळे पट्टे, पाठीवर काट्यांचा उभा पंखा, पर लालभडक. दोन विती भरला. आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात आमची शेवंड, शेपटीने अडकलेली.

पुढचं काम माझं. दांडका एकदाच, नेमका. मग सुरी. तडफडला नाही. मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. ल्यूडकेंनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि मान हलवली. मग मंदाररावांपुढे हात करून म्हणाले, "पेट्री हाइल." गळवाले तिकडे एकमेकांचं अभिनंदन असं करतात. त्यानंतर खिशातून आपली गांडुळांची डबी काढून बघितली, परत ठेवली आणि म्हणाले, "गुम्मी. सो, सो." मंदाररावांना बर्लिनमध्ये बढती मिळाली तेव्हाही ते इतके फुलले नव्हते.

त्याचं खवलं फार चिवट, पण मी सुरीच्या पाठीने साफ केला. आमच्याकडे गोड्या पाण्यातल्या माशाला नाक मुरडतात, चिखलाची चव म्हणतात. मीही मुरडत आले जन्मभर. हा पांढराशुभ्र निघाला. हळद, मीठ, कोकमं. वाटण तापलं, तिरफळं ठेचून पडली, आणि त्या जर्मन स्वयंपाकघरात माझ्या आईच्या चुलीचा वास आला. मंदारराव दार धरून उभे होते. ते नेहमी या वासाला बाल्कनीत जातात. आज गेले नाहीत.

पानं घेतली. त्यांच्यासाठी वरणभात वेगळा, वेगळ्या भांड्यात. ल्यूडकेंना वाडगाभर पाठवून दिलं होतं, ते नंतर वाडगा धुऊन आणून देताना "यो" म्हणाले, म्हणजे होय, आणि मी ते पदक म्हणून घेतलं. मी डाव हातात घेतला आणि घसा खाकरला. मनात होतं ते बोलायलाच हवं होतं.

"मंदारराव, तुमच्या लग्नात मी एक बोलले होते. तुम्हाला माहीत नसेल..."

"सगळा खरा गो," मंदारराव म्हणाले, पुणेरी मालवणीत, एकेक शब्द जपून, "पण आमच्या चेडवाक मासो कोण खावक घालतलो. माहितीय, आई. मी जिलेबीचं ताट घेऊन तुमच्या मागेच उभा होतो."

तीन वर्षं. एका शब्दाने कधी बोलले नाहीत. मुग्धा आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती, तिला यातलं काही माहीतच नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"चुकले मी," मी म्हटलं, आणि डाव त्यांच्या हातात दिला. "घ्या. आज तुम्ही वाढा."

त्यांनी आयुष्यात माशाच्या भांड्यात डाव घातला नव्हता. घातला. मुग्धाने पान पुढे केलं आणि म्हणाली, "डोकं मला हं." मंदाररावांनी श्वास रोखून, एक थेंबही न सांडता, डोकं तिच्या पानात वाढलं.